नख नखभर, दुखणं हातभर

«ताई, मागच्या सोमवारी कापसाचं गाठोडं बंडीवर चढवताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख सुतळीत अडकलं अन् उलटं झालं. मधातून तुटलं, पण एका बाजूनं अजून लटकूनच हाय. रगत थांबलं, पण बोट ठणकते. भाकर थापता येत नाई. रातच्याला गोधडीच्या धाग्यात नख अडकते तं जीव जाते. सासूबाई म्हणते, ओढून टाक एकदाचं. शेजारीण म्हणते, तंबाखू भर. पुतण्या म्हणते, फेवीक्विक लाव. वेचणीचे दिवस हायेत, घरी बसून रायलं तं मजुरी बुडते. बायका म्हणतात, इतकुशा नखाचं काय घेऊन बसली. तसे माह्ये नखं नेहमीच तुटतात. हे नख पुन्हा सरळ येईन का? किती दिवस लागन? फेब्रुवारीत नणंदेचं लग्न हाय. पोरगा सातवीत हाय, हे पत्र त्याच्याच हातानं लिहून घेतलं.»
– एक बहीण, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ

ओढू नका, बाई. बाकीचं सावकाश वाचा, पण सासूबाईंचा हा एक सल्ला ऐकू नका. त्या तुमच्या भल्यासाठीच सांगताहेत, त्यांच्या पिढीत असंच करायचे. माझ्याही घरी असंच झालं होतं. मी नऊ वर्षांची असताना बंडीचं जू डाव्या अंगठ्यावर पडलं. नख लटकलं होतं, घरच्यांनी मला धरून ते ओढून काढलं. माझी आता साठी उलटली, तरी त्या नखावर मुळापासून टोकापर्यंत उभी भेग आहे. कणीक मळली की तिच्यात पीठ अडकतं. जू पडल्यानं मूळ किती दुखावलं आणि ओढल्यानं किती, ते आता सांगता येणार नाही. पण पुढे उपकेंद्रात नर्स म्हणून तीसेक वर्षं काढली, आणि लटकलेलं नख कुणालाही ओढू दिलं नाही.

नख स्वतः मेलेलं असतं, म्हणून तर कापताना दुखत नाही. जीव आहे तो त्याच्या खालच्या मऊ मांसात, ज्याला आपण जिव्हाळी म्हणतो. बोटाच्या टोकाला संवेदनेच्या नसांची एवढी दाटी असते की अंधारात नुसत्या स्पर्शानं तुम्हाला सरकीतला खडा कळतो. त्याच नसांवरचं झाकण अर्धं उडालं आहे. तेव्हा ‘इतकुशा नखाचं काय’ म्हणणाऱ्या बायकांचं मनावर घेऊ नका. तुमचं दुखणं खरं आहे.

आता लटकलेल्या तुकड्याचं काय करायचं ते सांगते. दिवसाउजेडी करा, बल्बच्या उजेडात नको. नेलकटर किंवा बारीक कात्री पाण्यात घालून दहा मिनिटं उकळून घ्या आणि थंड होऊ द्या. उकळून कोमट केलेल्या पाण्यात बोट दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, म्हणजे नख मऊ पडेल आणि सुकलेलं रक्त सुटेल. मग जेवढा तुकडा मांसापासून आधीच सुटला आहे, तेवढाच तुटलेल्या रेषेच्या कडेकडेनं थोडा थोडा कापत जा. एका दमात कापायचं नाही. जिथे ओढ बसते, कळ येते, तिथे थांबायचं. तो भाग अजून चिकटलेला आहे आणि तो राहू द्यायचा. खालच्या जिव्हाळीला त्याच्यासारखं पांघरूण दुसरं नाही. उरलेली धार नेलकटरच्या कानशीनं एकाच दिशेनं घासून गुळगुळीत करा. गोधडीत अडकते ती हीच धार. उजव्या हाताचं बोट आहे, तुम्हाला डाव्या हातानं जमणार नाही, तेव्हा ज्याचा हात स्थिर आहे त्याच्याकडून करून घ्या. चीर थेट मुळापर्यंत, म्हणजे कातडीच्या घडीखाली गेली असेल, किंवा तुकडा कापण्याइतका सुटलेलाच नसेल, तर घरी हात लावू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे बोट बधिर करून काढतात.

पट्टीचं मात्र नीट ऐका, कारण निम्म्या बायकांचं दुखणं चुकीच्या पट्टीनं वाढलेलं मी पाहिलं आहे. घरात कापसाचा ढीग असतो, म्हणून त्यातलाच चिमूटभर घेऊन जखमेवर ठेवतात. त्याचे तंतू ओल्या मांसात रुततात, सुकून चिकटतात, आणि दुसऱ्या दिवशी काढताना जखम पुन्हा उघडते. कापूस थेट जखमेवर ठेवू नका, घरचा नको आणि विकतचाही नको. साध्या साबणानं आणि स्वच्छ पाण्यानं बोट धुवा, टिपून कोरडं करा, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा आणि त्यावर गॉजची घडी ठेवा. मेडिकलमध्ये पॅराफिन लावलेली जाळी मिळते. ती मिळाली तर फार बरं, ती जखमेला चिकटत नाही. मग पेपर टेपची एक पट्टी बोटाच्या पोटापासून टोकावरून नखाकडे न्यायची आणि दुसरी भोवती सैल गुंडाळायची. नुसती भोवती गुंडाळलेली पट्टी तासाभरात टोपीसारखी निघून येते. बोट निळं, थंड किंवा बधिर वाटलं तर पट्टी आवळली गेली असं समजा आणि लगेच सोडा. रोज एकदा बदला; भिजली किंवा मळली तर तेव्हाच बदला. चिकटली तर ओढायची नाही, कोमट पाण्यात भिजवून सुटू द्यायची. स्पिरीट किंवा नुसतं डेटॉल रोज ओतत बसू नका. त्यानं आग तर होतेच, भरत येणारं मांसही जळतं.

रात्रीचा ठणका कमी करायला हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवून झोपा. हात खाली लोंबकळला की रक्त टोकाला उतरतं आणि ठोके लागतात. पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळी जेवून घ्यायला हरकत नाही. दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास जाऊ द्या. काविळीचा किंवा लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारा.

तंबाखू भरू नका. चुना नको, राख नको, शेण तर मुळीच नको. हळदीवर आपला सगळ्यांचा जीव आहे, पण डब्यातल्या हळदीत रोजचा ओला चमचा आणि मसाल्याचा हात जातो. उघड्या मांसात ती पूड भरू नका. शिवाय जखम पिवळीजर्द झाली की खाली पू धरतो आहे का, तेही दिसत नाही.

फेवीक्विकबद्दल तुमच्या पुतण्याला मुद्दाम वाचून दाखवा. तो गोंद कापसावर पडला की क्षणात तापतो. कधी कधी इतका की धूर निघतो आणि कातडी भाजते. कापूस वेचून आलेल्या हाताला तंतू चिकटलेले असतात, पट्टी सुती असते, लुगडं सुती असतं. अशा बोटावर तो गोंद ओतणं म्हणजे दुखण्यावर चटका. आणि गोंदाखाली घाण कोंडली गेली तर पू व्हायला वेळ लागत नाही. पुढे महिन्या-दीड महिन्यानं, मांस पूर्ण भरल्यावर नव्या नखाला बारीक चीर पडली, तर रंग नसलेलं नेलपॉलिश लावून ती सांभाळता येते. त्यासाठी गोंद लागत नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. मुलगा सातवीत, म्हणजे गरोदरपणात घेतलेली इंजेक्शनं बारा-तेरा वर्षांमागची. मातीची, शेणाची जखम असेल आणि शेवटच्या इंजेक्शनाला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. शेतातली सुतळी, बंडी आणि माती म्हणजे तीच जखम. आठवडा झाला म्हणून सोडून देऊ नका, उशिरा घेतलं तरी उपयोग होतो. पूर्वी टीटी म्हणायचे, आता टीडी देतात, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण मिळतं. सरकारी केंद्रात पैसे लागत नाहीत. आशाताईंना विचारलंत तर केंद्रावर कोणत्या वेळी जायचं ते त्या सांगतील.

त्याच फेरीत डॉक्टरांना बोट दाखवा. आणि घरी आल्यावर पुढचे दहा दिवस रोज पट्टी बदलताना नखाच्या कडेकडे लक्ष ठेवा. पहिले दोन-तीन दिवस ठणकणं समजू शकतं, नंतर ते उतरत गेलं पाहिजे. उतरायच्या ऐवजी चढत असेल, कडेची कातडी लाल होऊन फुगली असेल, पिवळा पू दिसत असेल, तर नखुरडं धरतंय. सुरुवातीला कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा शेकल्यानं कधी बसतं, पण पू जमला असेल तर तो डॉक्टरांनीच काढायचा. घरी सुई तापवून टोचू नका. मनगटाकडे लाल रेघ चढली, ताप आला, बोट वाकेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात कुणाला शुगर असेल आणि असंच नख तुटलं, तर एवढी लक्षणं दिसेपर्यंतही थांबू नये; अशा बोटाला पू लवकर धरतो.

आता वेचणीचं. मजुरी बुडते हे मी हलकं समजत नाही. किलोमागे पैसे मिळतात, आणि वेचणीचा हंगाम काही वर्षभर नसतो. पण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट या तिघांच्याच चिमटीनं बोंडातला कापूस निघतो. सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, धड बोटांनाही ओरखडे काढतात. तुम्ही उद्या गेलात तर चौथ्या-पाचव्या बोंडालाच कळ मस्तकात जाईल, आणि पट्टी दुपारपर्यंत मातीनं काळी होईल. उघडी पडलेली जिव्हाळी साधारण आठ-दहा दिवसांत कोरडी आणि टणक होते. तेवढे दिवस वेचणी सोडा. शेतावर जायचंच असेल तर वजनाला, गाठोडी राखायला, पाणी द्यायला जा, जोडीदारणींशी बोलून कामाची अदलाबदल करा. पू धरला तर आठवड्याच्या जागी महिना जाईल. नंतर जाल तेव्हा जुन्या सुती हातमोज्याचं एक बोट कापून पट्टीवर चढवा. ओल्या कामाला रबरी मोजा घाला, पण काम झालं की काढा. घामानं आत कातडी पांढरी पडून भिजत राहिली तर जखम भरत नाही.

एक गोष्ट मात्र बोट पूर्ण भरेपर्यंत अजिबात करू नका: फवारणीच्या औषधाला हात. मागच्या तोडीसाठी बोंडअळीवर फवारा सुरू असेल, पंपात औषध कालवायला घरची बाई पाणी आणून देते, डबा धुते, फवारलेले कपडे धुते. हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. धड कातडीतूनही विष आत जातं, जखमेतून तर आणखी सहज. 2017 च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. फवाऱ्याचे कपडे तुम्ही धुवू नका, आणि नुकत्याच फवारलेल्या वावरात वेचायला जाऊ नका.

घरातलं कामही वाटून द्यावं लागेल. तुम्ही आपण होऊन मागणार नाही हे मला पत्रावरूनच कळतं, म्हणून मीच लिहिते. ज्वारीची भाकर थापताना बोटाच्या टोकावर सगळा जोर येतो आणि ओलं पीठ पट्टीत शिरतं. दहा दिवस भाकरी सासूबाईंनी थापाव्यात. मिरची-मिठाचा ठेचा कुणीही वाटू शकतं. पत्र लिहून देणारा मुलगा सातवीत आहे, त्याला भांडी घासता येतात. त्याच्या वडिलांनाही येतात.

नख किती दिवसांत येईल? हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, ज्वारीच्या दाण्याएवढंही नाही. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं नख यायला सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याचं असतं तर वर्ष-दीड वर्ष गेलं असतं. तुमचं मधोमध तुटलं आहे, म्हणजे सहा-सात मिलिमीटर वाढायचं आहे. अडीच महिने धरा. मधल्या बोटाचं नख सगळ्यांत जास्त वेगानं वाढतं आणि उजव्या हाताचं, कामाच्या हाताचं, किंचित अधिकच. थंडीत जरा मंदावतं. तेल चोळून किंवा कुठल्या महागड्या गोळ्या खाऊन हा वेग वाढत नाही, त्यावर पैसे घालवू नका. झोपताना नखाच्या मुळाशी खोबरेल तेलाचं बोट फिरवा ते वेगळ्या कारणासाठी: नख आणि भोवतालची कातडी मऊ राहते, पुन्हा चिरत नाही. हेही जखम भरल्यावरच.

सरळ येईल का, हे मुळावर अवलंबून आहे. नख तयार होतं ते कातडीच्या घडीखाली, जिथे पांढरी चंद्रकोर दिसते तिथे आणि तिच्या मागे. तुमच्या लिहिण्यावरून तुटलं ते मधे, मूळ शाबूत दिसतं. तसं असेल तर नख सरळच येईल. वाढताना मधे एखादी आडवी खाच किंवा उंचवटा दिसला तर घाबरू नका. त्या दिवसाची ती खूण नखाबरोबर पुढे सरकत जाते आणि शेवटी कापली जाते. खाली काळा डाग असेल तर तेही साकळलेलं रक्त, तोही असाच पुढे सरकतो. सरकला नाही तर दाखवा. नवी कड टोकाच्या मांसाजवळ पोचते तेव्हा पुन्हा अडकू लागते. त्या दोन आठवड्यांत दर तीन-चार दिवसांनी कानशीनं घासून ती बोथट ठेवा आणि रात्री चिकटपट्टी लावून झोपा.

पत्रात जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यापाशी मी सगळ्यांत जास्त थांबले: «तसे माह्ये नखं नेहमीच तुटतात.» धुणं-भांडी, सोड्याचा साबण, सतत ओला-कोरडा होणारा हात, यांनी नखं ठिसूळ होतात हे खरं. पण अंगात रक्त कमी असलं तरी होतात. नखं पातळ, मधे खोलगट चमच्यासारखी झाली असतील, चढ चढताना दम लागत असेल, डोळ्याची खालची पापणी ओढल्यावर आत फिकट दिसत असेल, तर हे नुसतं नखाचं दुखणं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. वेचणीच्या ओळीत तुमच्या डाव्या-उजव्या बाजूला ज्या वाकलेल्या असतात, त्यांतल्या निम्म्या तरी धरा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला जाल तेव्हा हिमोग्लोबिनही तपासायला सांगा. गरोदर नसलेल्या बाईला ते 12 च्या खाली नसावं. आपल्या विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. त्याची तपासणी कधी झाली नसेल तर तीही करून घ्या, कारण सिकलसेल असेल तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. नसेल आणि गोळ्या दिल्या, तर त्या चहाबरोबर घेऊ नका, चहात आणि गोळीत दोन तास जाऊ द्या. लिंबू, आवळा जेवणात असू द्या. शौचाला काळं झालं म्हणून गोळ्या मधेच सोडू नका, लोहानं तसं होतंच.

नणंदेच्या लग्नापर्यंत नख टोकाला आलेलं असेल. मांस पूर्ण झाकलं गेलं असेल तर नेलपॉलिश खुशाल लावा, मेंदीही काढा. फक्त बाजारातली झटपट रंगणारी काळी मेंदी नको. तिच्यातल्या रंगानं कातडीवर फोड येतात. आणि नवं नख थोडं आखूड राहिलं तर त्यावर चिकटवायचं खोटं नख घेऊ नका. ते काढताना खालचं कोवळं नख सोबत सोलून निघतं. त्या बोटावर मेंदीचा ठिपका जरा मोठा काढा.